ग्रीफ आणि गुरू एकाच घरचे

मध्यंतरी एक भाषांतराचं काम आलं होतं. चार पानांचं माहितीपत्रक, घरातलं कुणी गेलं की मागं राहिलेल्यांनी स्वतःला कसं सांभाळायचं याबद्दल. पहिल्याच ओळीत ‘ग्रीफ’ हा शब्द. म्हटलं त्यात काय, दुःख लिहायचं आणि पुढं जायचं. पण पुढच्या वाक्यात ‘सॉरो’ आला, त्याच्या पुढच्यात ‘सॅडनेस’, मग एका परिच्छेदात तिन्ही हातात हात घालून, आणि माझ्याकडचा साठा दुसऱ्या पानावरच संपला. दुःख वापरून झालं, शोक वापरून झाला, खेद तर ‘कळवण्यास खेद होतो की’ मध्ये वापरून वापरून पार गुळगुळीत झालेला, आता पुढं काय लिहू. म्हणून डिक्शनरी उघडली. बघायचा होता अर्थ, पण नजर गेली खाली, बारीक अक्षरात शब्दाचं मूळ दिलेलं असतं तिकडं, आणि तिथं चक्क ‘गुरू’ लिहिलेलं. आपला गुरू. गुरुपौर्णिमेतला.

मग काय, ते काम दोन दिवस तसंच पडून राहिलं.

तर गोष्ट अशी आहे की ग्रीफ या शब्दाचा मनाशी सुरुवातीला काही संबंधच नव्हता. त्याच्या मुळाचा अर्थ ‘जड’. दगड जड असतो, ज्वारीचं पोतं जड असतं, तसं साधं सरळ जड. लॅटिनमध्ये जड म्हणजे ग्राविस, त्यावरून क्रियापद झालं ग्रावारे, म्हणजे जड करणं, ओझं लादणं. आता ओझं काय फक्त गाढवावरच लादतात असं नाही, माणसावरही लादतात, कराचं लादतात, कामाचं लादतात, म्हणून याच क्रियापदाला हळूहळू छळणं, त्रास देणं असाही अर्थ चिकटला. पुढं लॅटिनची जुनी फ्रेंच झाली तेव्हा ग्रावारेचं ‘ग्रेव्हे’ झालं आणि त्याचं नाम ‘ग्रीफ’.

इथं एक बारीकशी गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ग्राविसमधला ‘आ’ फ्रेंचकडं जाताना ‘ए’ कसा झाला? नियमानं व्हायला नको होता. झाला तो विरुद्ध अर्थाच्या शब्दामुळं. हलका याला लॅटिनमध्ये लेविस म्हणतात, आणि जड-हलकं ही जोडी कायम बरोबरच तोंडात येणार, ग्राविस-लेविस, ग्राविस-लेविस असं म्हणता म्हणता लोकांच्या बोलण्यात ग्राविसचं ग्रेविस होऊन गेलं. शेजाऱ्याचा गुण लागला म्हणा. हे आपल्याला नवं नाही बरं का, एक आणि दश मिळून खरं तर ‘एकदश’ व्हायला हवं होतं, पण लगेच पुढं द्वादश उभा, त्याच्या ‘द्वा’ मधला आ इकडं आला आणि झालं एकादश. आषाढी एकादशीतला तो ‘का’ म्हणजे शेजारच्या द्वादशीची देणगी आहे.

आता इंग्लंड. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं राजदरबार, कोर्ट, जमीनदारी सगळीकडं फ्रेंचचा तोरा. त्या काळात जे हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले त्यातलाच हा एक, तेराव्या शतकाच्या आसपास रुळलेला. पण तेव्हा ग्रीफ म्हणजे डोळ्यांत पाणी वगैरे नव्हे हं. तेव्हा ग्रीफ म्हणजे हाल, नुकसान, कुणी केलेला अन्याय, अगदी शरीराचं दुखणंसुद्धा. शेक्सपियरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात फॉलस्टाफ नावाचा जाडजूड भित्रा सरदार आहे, तो लढाईआधी स्वतःलाच विचारतो की अब्रू घेऊन तुटलेला पाय जोडता येतो का, नाही, हात जोडता येतो का, नाही, बरं जखमेचा ‘ग्रीफ’ तरी जातो का, तोही नाही. म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटापर्यंत जखम ठणकते त्यालाही ग्रीफ म्हणणं चालत होतं.

आणि आपल्याकडं तर हा जुना अर्थ परवापरवापर्यंत कायद्याच्या पुस्तकात जिवंत होता, अजूनही आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३२० होतं, ‘ग्रीव्हस हर्ट’ म्हणजे गंभीर दुखापत कशाला म्हणायचं ते सांगणारं. त्यात आठ प्रकार दिलेले, डोळा जाणं, ऐकू येणं बंद होणं वगैरे, आणि त्यात हाड किंवा दात मोडणं हासुद्धा एक. म्हणजे भांडणात कुणाचा दात पाडलात तर कायद्याच्या भाषेत तुम्ही त्याला ‘ग्रीव्हस’ इजा केली, मग तो मनातून कितीही खूश असो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा नंबर बदलला, पण दात तिथंच आहे. याच घरातला दुसरा शब्द म्हणजे ग्रीव्हन्स, कुठल्याही ऑफिसात भिंतीवर पाटी असते ना ग्रीव्हन्स सेल म्हणून, खाली मराठीत तक्रार निवारण कक्ष, आणि खाली एक कुलूप लावलेली पेटी. ग्रीव्हन्स म्हणजे कुणीतरी माझ्यावर ओझं लादलंय ही तक्रार. गंमत अशी की आजच्या फ्रेंचमध्ये ग्रीफ शब्द आहे, पण त्याचा अर्थ फक्त तक्रार, गाऱ्हाणं. दुःखासाठी ते वेगळेच शब्द वापरतात. म्हणजे फ्रेंच लोकांनी ओझ्याची तक्रार ठेवली, आणि ओझ्याचं दुःख इंग्रजांनी घेतलं.

आणि ज्यांच्या घरात मोबाईलवर गेम खेळणारं पोरगं आहे त्यांनी ‘ग्रीफिंग’ हा शब्द ऐकला असेल. ऑनलाइन गेममध्ये दुसऱ्यानं तासन्‌तास खपून बांधलेलं घर उगाच जाऊन पाडायचं, त्याला ग्रीफिंग म्हणतात, आणि तसं करणारा तो ग्रीफर. माझा भाचा याच कारणानं एकदा रडत जेवायला आला होता. पोरांना वाटतं आपला नवा शब्द, पण बघा ना, दुसऱ्याला मुद्दाम त्रास देणं हा तर अगदी तेराव्या शतकातला अर्थ झाला. आठशे वर्षांनी शब्द फिरून घरी आला.

बरं, आता गुरूकडं येऊ. ग्राविस आणि गुरू हे दोन शब्द एकच आहेत हे कशावरून? दोन्हीत ‘ग’ आहे आणि ‘र’ आहे एवढ्यावरून म्हणायचं असेल तर मग गारगोटी आणि ग्रँडफादर पण भाऊभाऊ ठरतील. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्या बहुतेक अशाच असतात, दिसतं सारखं म्हणून जोडून दिलं. भाषेचे अभ्यासक असं करत नाहीत, ते बघतात की एका भाषेतला अमुक आवाज दुसऱ्या भाषेत प्रत्येक वेळी तमुकच होतो का.

१७८६ मध्ये कलकत्त्याला विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशानं एशियाटिक सोसायटीत भाषण केलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की या तिन्ही एखाद्या आता नष्ट झालेल्या भाषेपासून निघाल्या असणार. पुढं शंभर-दीडशे वर्षं लोकांनी त्यावर डोकं चालवलं आणि त्या हरवलेल्या भाषेचे शब्द उलटं गणित करून काढले. तिचं लिहून ठेवलेलं एक अक्षर कुठं नाही, म्हणून असे काढलेले शब्द लिहिताना आधी एक तारा काढतात, म्हणजे हा अंदाज आहे बाबा, शिलालेख नाही.

तर त्या भाषेत एक आवाज होता, ‘ग’ म्हणा पण म्हणताना ओठ गोल करा, ग्व सारखं काहीतरी येईल. त्यातलं ते ओठ गोल करणं संस्कृतनं सोडून दिलं, राहिला नुसता ग. ग्रीकांनी ओठच धरून ठेवले, त्यांचा झाला ब. इंग्रजीच्या घराण्यात त्याचा झाला क. म्हणून आपली गो म्हणजे गाय, ती ग्रीकमध्ये ‘बूस’ आणि इंग्रजीत ‘काऊ’. आपलं गम् म्हणजे जाणं, ते इंग्रजीत ‘कम’, आणि ग्रीकमध्ये ‘बा’ नं सुरू होणारं क्रियापद, ज्याच्यावरून ‘बेस’ हा शब्द आला, पाय ठेवायची जागा. एकदा हा हिशोब हातात आला की जडचं गणित सुटतं. संस्कृत गुरू, ग्रीक ‘बारूस’, जर्मन कुळातल्या जुन्या गॉथिकमध्ये ‘काउरुस’, आणि लॅटिनमध्ये ग्राविस. सगळ्यांचा अर्थ जड. त्या ग्रीक बारूसवरून बॅरोमीटर, हवेचं वजन मोजणारं यंत्र, बॅरिटोन म्हणजे गायकाचा जड आवाज, आणि बेरियम, पोटाच्या एक्स-रेआधी पाजतात ते पांढरं पाणी.

आणि लॅटिनची तर आणखी एक सवय आहे, संस्कृतमध्ये विशेषणाच्या शेवटी जिथं उ असतो तिथं लॅटिन ‘विस’ किंवा ‘उइस’ लावते. गुरु-ग्राविस. लघु-लेविस. स्वादु-स्वाविस. तनु-तेनुइस. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, ती कुकरची शिट्टी मोजत होती, म्हणाली छान, तीन झाल्या का चार?

आता प्रश्न असा की जड म्हणजे गुरू, मग शिकवणारा गुरू कुठून आला? तर तसाच, वजनावरून. आपण अजूनही म्हणतो ना, वजनदार माणूस, भारदस्त व्यक्तिमत्त्व, मंत्रिमंडळाचा विस्तार झाला की पेपरात येतंच, अमक्याला वजनदार खातं. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो गुरू. ‘जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी’ यातलं गरीयसी म्हणजे सुद्धा शब्दशः ‘जास्त जड’, गुरूचंच पुढचं रूप. रोमन लोकांचंही तेच, ग्राविटास म्हणजे भारदस्तपणा हा त्यांच्यात पुरुषाचा मोठा गुण. म्हणजे एकाच जडपणातून इकडं मान निघाला आणि तिकडं वेदना. देवांचा गुरू म्हणून बृहस्पतीला गुरू म्हणायला लागले, त्याचा वार तो गुरुवार, आणि योगायोग असा की तो ग्रह खरोखरच आपल्या सूर्यमालेतला सगळ्यात जड ग्रह आहे, पृथ्वीच्या साधारण ३१८ पट. नाव ठेवणाऱ्यांना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं.

गुरुत्वाकर्षण मात्र योगायोग नाही. ग्रॅव्हिटीला भारतीय भाषांत शब्द हवा होता तेव्हा गुरुत्व तयारच होतं, वैशेषिक या जुन्या दर्शनाच्या सूत्रांत आहे, ‘संयोगाभावे गुरुत्वात् पतनम्’, म्हणजे आधार सुटला की जडपणामुळं वस्तू खाली पडते. ग्रॅव्हिटी शब्द आला ग्राविसवरून आणि त्याला आपण प्रतिशब्द दिला त्याचाच सख्खा भाऊ, हजारो वर्षांपूर्वी जत्रेत हरवलेले दोघं असे विज्ञानाच्या पुस्तकात भेटले. डॉक्टरांच्या फाईलवर गरोदर बाईसाठी ‘ग्रॅव्हिडा’ लिहितात, पहिलटकरीण असेल तर प्रायमिग्रॅव्हिडा, तेही यातलंच, आणि संस्कृतमध्ये गरोदर बाईला गुर्विणी म्हणतात. दोन्हीकडं एकच विचार, जड झालेली.

आता मला ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ती. वर लेविस आला होता, हलका. लघुचा भाऊ. या लेविसवरून क्रियापद लेवारे, हलकं करणं, वर उचलणं. त्यावरून लिव्हर म्हणजे तरफ, एलेव्हेटर म्हणजे लिफ्ट, गोव्यातला कार्निव्हल सुद्धा, कारण पुढं ख्रिस्ती लोकांचे उपासाचे चाळीस दिवस, त्याआधी मांस ‘उचलून ठेवायचं’ म्हणून. आणि लेवारेच्या आधी ‘रि’ लावला की होतो रिलीफ. ग्रीफ आणि रिलीफ. या दोन शब्दांचं यमक जुळतं हे शाळेतल्या पोरालाही कळतं, पण ते नुसतं यमक नाही, ती जड-हलक्याची जुनी जोडी आहे. ग्राविस-लेविस, गुरू-लघू. क्रियापदंही तशीच जोडीनं, ग्रीव्ह आणि रिलीव्ह. ग्रीफ म्हणजे कुणीतरी अंगावर ठेवलेलं वजन, रिलीफ म्हणजे ते उचललं जाणं. दगडातून उठून आलेल्या शिल्पालाही रिलीफ म्हणतात, आपण उठावशिल्प म्हणतो, घारापुरीला आहेत तशी, तिथंही तोच ‘उचलणं’ हा अर्थ.

ज्यांनी शाळेत वृत्तं केलीत त्यांना लघू-गुरू आठवत असेल. ह्रस्व अक्षर लघू, त्याची एक मात्रा, दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन, वहीत वर अर्धचंद्र आणि आडवी रेघ काढत बसायचं. मला भुजंगप्रयात सोडून एकही वृत्त कधी ओळखता आलं नाही. पण विचार करा, मराठीच्या तासाला आपण डोक्यावर खुणा करत होतो त्या ग्रीफ आणि रिलीफच्या.

आणि थांबा, इथंच संपत नाही. आपण रोजच्या बोलण्यात लघू म्हणत नाही, हलका म्हणतो. हा हलका कुठला? तो लघुकच आहे. प्राकृतात लघुकचं लहुक-लहुअ होतं आणि मग ल आणि ह नी जागा बदलल्या, हलुअ, हेमचंद्रानं बाराव्या शतकात प्राकृत व्याकरणात या अदलाबदलीची नोंद केलेली आहे. आपण चाकूचं काचू करतो तसंच काहीसं. हळू हा शब्दही त्याच घरचा. म्हणजे भरपूर रडून झाल्यावर आपली आई-मावशी म्हणते ना, ‘जरा हलकं वाटलं बघ’, तेव्हा ती अक्षरशः, मुळापासून, तेच म्हणत असते जे इंग्रज रिलीफ म्हणून म्हणतो. भाषांतर नाही हे, उसनवारी पण नाही. इंग्रजीत हलक्याला लाईट म्हणतात, तो उजेडवाला लाईट वेगळा आणि हा वेगळा, हा लघूचा नातेवाईक, आणि फुफ्फुसाला लंग म्हणतात तेही त्यामुळंच, शरीरातला हलका अवयव.

माझी आजी गेली तेव्हा ती शेवटी शेवटी पार वाळलेली होती, पस्तीस किलो तरी असेल का नसेल. चौघांनी खांदा दिला तर खरं म्हणजे काहीच वजन नव्हतं. आमचे धाकटे काका पुढं उजव्या बाजूला होते, गल्लीच्या कोपऱ्यावर थांबले आणि म्हणाले, बदला रे कुणीतरी, मला झेपत नाहीये. कुणी काही बोललं नाही, शेजारचा एक मुलगा पुढं झाला. त्या दिवशी मला व्युत्पत्ती वगैरे माहीत नव्हती. इंग्रजीत दुःख सोसण्याला ‘टू बेअर’ म्हणतात, त्यातला बेअर म्हणजे आपला भृ धातू, ज्याच्यावरून भार आला. बर्डनही त्यातलाच. म्हणजे इंग्रज जेव्हा ‘बेअर द ग्रीफ’ म्हणतो तेव्हा त्यातले दोन्ही शब्द आपल्या भार आणि गुरूचे भाऊबंद असतात.

एक विचित्र गोष्ट मात्र आहे. माणसाच्या बाबतीत आपण जडाला मान देतो आणि हलक्याला नावं ठेवतो, हलक्या कानाचा, हलक्या मनाचा, हलकी जात म्हणण्यापर्यंत आपली मजल गेलेली आहे. लॅटिनमध्येही लेविस म्हणजे थिल्लर. आणि मनाच्या बाबतीत बरोबर उलटं, जड झालं की वाईट, हलकं झालं की बरं. हे असं का ते तुम्हीच बघा, मला तरी कुठल्या कोशात सापडलं नाही.

आता बाकीचे दोन शब्द पटकन. सॅड. याचा जुन्या इंग्रजीतला अर्थ ऐकाल तर चाट पडाल, पोट भरलेला. जर्मनमध्ये अजूनही ‘झाट’ म्हणजे पोट भरलं. सॅटिस्फाय, सॅच्युरेट हे लॅटिनकडून आलेले त्याचेच चुलतभाऊ. मग पोट भरलेला तो सुस्त, सुस्त तो जड, जड तो भरीव, भरीव तो गंभीर, आणि गंभीर तो उदास, असा जिना उतरत उतरत चौदाव्या शतकाच्या सुमाराला सॅड आजच्या जागी येऊन बसला. मधल्या पायरीचा पुरावा म्हणजे ‘सॅड आयर्न’. ही इस्त्री. आपल्याकडची कोळशाची इस्त्री पोकळ असते, पोटात निखारे भरायचे, तशी नाही, ही अख्खी भरीव लोखंडाची, चुलीवर तापवायची. तिला सॅड म्हणायचे कारण ती भरीव, ती बिचारी उदास वगैरे नव्हती. भरलेपणातून दुःख हे आधी मला फार लांबचं वाटलं, मग लक्षात आलं की आपण काय म्हणतो, मन भरून आलं. ऊर भरून आला. डोळे भरून आले. गळा दाटून आला. आणि ‘मन भरलं’ म्हटलं की लगेच दुसरा अर्थ, आता पुरे, कंटाळा आला. एका ‘येणं’ नं केवढा फरक.

सॉरो आणि सॉरी हे दोन मात्र एकमेकांचे कुणी नाहीत. शपथेवर. सॉरो आला जुन्या ‘सोर्ग’ वरून, काळजी-चिंता, जर्मनमध्ये ‘झोर्गे’ आजही काळजी. सॉरी आला ‘सोअर’ वरून, ठणकणारा, सोअर थ्रोटमधला सोअर. दोघं इतकी वर्षं शेजारी राहिले की तोंडावळा सारखा झाला. तसंच थडगं या अर्थाचा ग्रेव्ह आणि गंभीर या अर्थाचा ग्रेव्ह, दुसरा ग्राविसचा, पण पहिला खणणं या अर्थाच्या वेगळ्याच जर्मन कुळातल्या धातूचा, एन्ग्रेव्ह म्हणजे कोरणं त्यातलंच. थडगं आणि ग्रीफ एकत्र येतात म्हणून नातं जोडायचा मोह होतो, पण नाही. आपल्याकडं शोकाचा श्लोक झाला असं वाल्मीकींच्या गोष्टीत आहेच, क्रौंच पक्ष्याच्या जोडीतला एक मारला गेला आणि त्यांच्या तोंडून श्लोक आला. गोष्ट सुंदरच आहे, पण व्युत्पत्ती म्हणून श्लोक निघतो तो ऐकण्याच्या धातूपासून.

मग आपला शोक कुठला? शुच् धातूचा, पेटणं, चमकणं. ऋग्वेदात शोक म्हणजे ज्वाळा. शुचि, शुक्र हे त्याच धातूचे. म्हणजे आठवड्यात गुरुवार आहे तो ग्रीफच्या घरचा आणि दुसऱ्या दिवशी येतो तो शुक्रवार शोकाच्या घरचा, हे माझं आपलं फावल्या वेळातलं संशोधन. इंग्रजांचं दुःख जड आहे आणि संस्कृतचं जळतं. विषाद आणखी वेगळा, वि आणि सद्, सद् म्हणजे बसणं, इंग्रजी ‘सिट’ चा भाऊ. विषाद म्हणजे खाली बसणं, खचणं. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग, त्यात अर्जुन म्हणतो ‘सीदन्ति मम गात्राणि’, माझे अवयव बसायला लागलेत, हा तोच सद्, आणि अध्यायाच्या शेवटी धनुष्य टाकून तो खरंच रथात खाली बसतो. दुःखाबद्दल मात्र अभ्यासकांत दोन तट आहेत. सुख हे ऋग्वेदात रथाचं विशेषण आहे, सहज पळणारा रथ, ख म्हणजे भोक, चाकात आस बसतो ते, ते नीट असलं की सुख. त्याच्या उलट दुःख, भोकच वेडंवाकडं, रथ खडखडणार, असं एक गट म्हणतो. दुसरा म्हणतो, नाही, ते ‘दुःस्थ’ चं प्राकृतात घासलं गेलेलं रूप आहे. मला पहिलं आवडतं, कारण मी रोज खड्ड्यांतून स्कूटर चालवतो.

तर ते माहितीपत्रक. शेवटी मी सॅडनेसला उदासी लिहिलं, सॉरोला दुःख, आणि ग्रीफसाठी बराच वेळ घालवून ‘मनावरचं ओझं’ असं लिहिलं, शीर्षकात सुद्धा, ‘मनावरचं ओझं हलकं करताना’. मनातल्या मनात स्वतःवर जाम खूश होतो, म्हटलं गुरू-लघू दोन्ही बसवले. चार दिवसांनी तपासून आलं, तांबड्या अक्षरात सगळीकडं दुरुस्ती. ‘शोक समुपदेशन पुस्तिका’. खाली शेरा, शब्द जरा वजनदार हवेत.